कशाच्या तुलनेत?

अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडात चहाला एका अक्षराने नाव न ठेवता चहा करणाऱ्याचा जास्तीत जास्त अपमान करू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अधिकाराने सांगतो, कारण तो चहा गेली कित्येक वर्षं मीच करतो. वॉलॉंगॉंगहून समुद्राच्या कडेकडेने येणारी ट्रेन, मग सिडनीत गाडी बदलणं, असं करत तो आमच्या स्कोफिल्ड्सला घामाघूम होऊन पोचतो. मी आलं किसतो, मागच्या अंगणातला गवती चहा कापून आणतो (तो मी स्वतः लावलेला आहे हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो, त्यालाही दर वेळी सांगतो), उकळून, गाळून कप त्याच्या हातात देतो आणि आशेने विचारतो, "कसा झालाय?" तो एक घोट घेतो. डोळे मिटतो. मग डोळे उघडून अत्यंत प्रामाणिकपणे विचारतो, "कशाच्या तुलनेत?"

हा खवचटपणा असता तर मी त्याला तोंड देऊ शकलो असतो. माझ्या सासरी खवचटपणाची सवय करून घ्यावीच लागते. पण याला खरोखर उत्तर हवं असतं. त्याच्या स्वतःच्या घरी चहा झाला की पाहुण्यापुढे दोन कप येतात. एकात सगळं. दुसऱ्यात दूध, पाणी, साखर, आलं, सगळं तेच, तेवढीच उकळी, फक्त चहाची पूड नाही. "हा कंट्रोल," तो समजावतो. "आधी हा पी. मग दुसरा पी. म्हणजे तुला कळेल, जे बरं वाटतंय ते चहामुळे वाटतंय की नुसतं गरम आणि गोड आहे म्हणून." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही प्यायलो. दुर्दैवाने मला कंट्रोलच जास्त आवडला, आणि तसं मी बोलून गेलो. तेव्हापासून त्या घरात माझ्या मताला वजन नाही.

त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ताई नवी पैठणी नेसून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कशी दिसतेय?" पुढे काय झालं ते वाचकांनी ओळखलंच असेल. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, आता शांततेची पातळी किती ते कळलं." हा संसार टिकला याचं श्रेय मी सर्वस्वी ताईला देतो, आणि तीही ते माझ्याकडून दर वेळी घेते.

त्याचं दुसरं वेड तीनचं. एकदा झालेली गोष्ट झालीच असं तो मानत नाही. दारावरची बेल तीनदा. गाडीचं कुलूप तीनदा. विनोदसुद्धा तीनदा सांगतो, आणि तिन्ही वेळेला आम्ही किती हसलो याची सरासरी काढून तो विनोद बरा होता की नाही हे ठरवतो. तिसऱ्या खेपेला आम्ही न हसल्यामुळे त्याचे सगळेच विनोद काठावर नापास होतात. आणि तिसरी खोड म्हणजे खिशातला काळा मार्कर. त्याच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीवर उघडल्याची तारीख आणि सही असते; तुपाच्या डब्यावर असते; मिठावरही असते, जणू मीठ त्याला फसवून एक दिवस खराब होणार आहे. एकदा जेवणानंतर आमच्या सोफ्यावर त्याला झोप लागली, तेव्हा माझ्या मुलीने, ईराने, तोच मार्कर काढून त्याच्या टकलावर तारीख घातली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'थंड जागी ठेवा'. तो तसाच ट्रेनने वॉलॉंगॉंगला गेला. वाटेत समोरच्या एका आडदांड गृहस्थाने खिडकी उघडून दिली आणि म्हणाला, "नो वरीज, मेट, वी'ल कीप यू कूल." घरी पोचल्यावर साडूने फोन केला. मला वाटलं, रागावलाय. तो म्हणाला, "ईराला सांग, तारखेबरोबर सही हवी. नाहीतर ते लेबल धरत नाहीत."

हा माणूस पोटासाठी करतो काय, हे मला पहिली सात-आठ वर्षं नीट कळलं नव्हतं. तो युनीत, म्हणजे तिथल्या विद्यापीठात आहे आणि सेन्सर बनवतो एवढं माहीत होतं. मी आयटीवाला, सेन्सर म्हटलं की मला गाडी मागे घेताना टूं-टूं करणारं आणि तरीही मला कुंपणाला आपटू देणारं यंत्र आठवतं. शेवटी एकदा धीर करून विचारलं. तो तेव्हा ताईला मटार सोलून देत होता.

"सोपं आहे रे," तो म्हणाला. "दोन जण लागतात. एक ओळखणारा आणि एक बोंब मारणारा. ओळखणारा हुशार, पण मुका. लाखांच्या गर्दीत नेमका एकच माणूस शोधून त्याचा हात धरतो, पण धरला हे कोणाला सांगत नाही. बोंब मारणारा अडाणी. त्याला ओळखबिळख काही नाही, पण आवाज मोठा. या दोघांचं लग्न लावून द्यायचं. झाला सेन्सर."

"आणि तू?"

"मी भटजी."

"आमच्याकडे दोन्ही कामं मलाच करावी लागतात," ताई फोडणी देता देता म्हणाली. "ओळखायचंही मीच, बोंबही मीच मारायची."

ओळखणारा म्हणजे अँटिबॉडी, शरीर परक्याला पकडायला तयार करतं ती. आणि बोंब मारणारं म्हणजे सोनं. खरंखुरं सोनं, पण इतके बारीक कण की केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा केला तरी तो त्यांच्यापुढे जाडच ठरावा. कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी नाकात काडी फिरवून, पट्टीवर थेंब टाकून, दुसरी लाल रेघ उमटते की काय म्हणून देवाचं नाव घेतलं होतं ना? तशा पट्ट्यांमध्ये ती लाल रेघ बहुतेक वेळा या सोन्याचीच असते, असं त्याने सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. मी तेवढ्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

"लग्न लावणं कठीण नाही," तो पुढे म्हणाला, "बसवणं कठीण. अँटिबॉडीचे हात बाहेरच्या बाजूला हवेत. ती सोन्याकडे तोंड करून बसली की जगाकडे पाठ. मग दारात कोणी का येईना, तिला पत्ता नाही."

"लग्नानंतर काही जण लॅपटॉपकडे तोंड करून असेच बसतात," ताई म्हणाली. या वेळी ती माझ्याकडे बघत होती की त्याच्याकडे, हे मी तपासलं नाही.

सासूबाई पुण्याहून यायच्या होत्या तेव्हा त्यांनी सोसायटीत सांगून ठेवलं होतं की थोरला जावई सोन्यात काम करतो. धाकटा काय करतो हे त्यांनी सांगितलं नव्हतं. युनीत ओपन डे होता, तेव्हा साडू आम्हा सगळ्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेला. खिडकीतून लांबवर पोलादाच्या कारखान्याची धुराडी दिसत होती, आणि टेबलावर एका नळीत गडद लाल पाणी होतं.

"हे सोनं," तो म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "अहो, हे कोकम सरबत आहे."

"नाही आई, सोनंच आहे. इतकं बारीक केलं की ते पिवळं राहत नाही. लाल दिसतं."

मग त्याने दुसऱ्या एका नळीतल्या लाल पाण्यात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. आमच्या डोळ्यांदेखत ते जांभळं झालं, मग निळसर काळपट. "नासलं!" सासूबाई ओरडल्या. "नासलं नाही. मिठाने घाबरून सगळे कण एकमेकांना चिकटले. गठ्ठा झाला की रंग बदलतो." मग पहिली नळी घेतली. तिच्यातल्या सोन्याच्या अंगावर अँटिबॉडी बसवलेल्या होत्या. तेवढंच मीठ घातलं. काही झालं नाही. लालच्या लाल. सासूबाई त्या दोन नळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "म्हणजे अंगावर कोणी असलं की मिठाचं काही चालत नाही." साडूने खिशातली वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. तारीख घातली, आणि सासूबाईंची सही घेतली. मीही त्या नळीवर वाकून पाहत राहिलो होतो. बोटातली अंगठी मी वीस वर्षं घालतोय. तिच्या पोटात असा लाल रंग दडून बसला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

साडूच्या पट्ट्या मात्र कोविड शोधत नाहीत. त्या शोधतात शेंगदाण्यातलं प्रथिन. आता मला ईराकडे यायलाच हवं.

ईरा तीन वर्षांची व्हायच्या आधीच आम्हाला कळलं होतं की तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि साधीसुधी नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही घरातून शेंगदाणे हद्दपार केले आणि कुठेही गेलो की विचारायचो. तेव्हाच एकदा वॉलॉंगॉंगला ताईकडे सगळे जेवायला जमलो होतो. मी बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारलं, "कोशिंबिरीत दाणे नाहीत ना?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाहीत, नाहीत!" मी स्वतःच्या हाताने तिला दोन चमचे भरवले. तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, आणि पुढचा तास मला तुकड्यातुकड्यांतच आठवतो: ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तिच्या मांडीतलं इंजेक्शन. ती वाचली. कोशिंबिरीत दाणे खरोखरच नव्हते. कूट होतं.

मराठी माणसाच्या डोक्यात शेंगदाणा आणि कूट यांचा काही संबंध नाही. शेंगदाणा म्हणजे गावाहून पोत्यातून येतो, भाजून खातात, तो. कूट म्हणजे कूट. ते मिठासारखं, हळदीसारखं, असतंच. आत कोण 'नाहीत' म्हणालं याची चौकशी कोणी केली नाही, आणि तो विषय आमच्याकडे निघत नाही. पण त्यानंतर बारा वर्षं ईरा प्रत्येक लग्नाला, बारशाला, गणपतीला आपला स्टीलचा डबा घेऊन येते. पंगतीत कोपऱ्यात बसते, झाकण उघडते आणि कोणी आग्रह केला की हसून म्हणते, "आय हॅव माय ओन, काकू." काकू म्हणतात, "थोडंसं खाल्लं तर काय होतंय? आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." ती त्यावरही हसते. मला तिच्या हसण्याचा राग येतो, कारण ते माझ्यासाठी असतं.

साडूला जेवायला बोलावणं हा प्रकार मग अवघड होत गेला. वाढून झालं की तो सोबतची बर्फाची पेटी, इकडची एस्की, उघडतो आणि प्रत्येक वाटीतला चमचाभर ऐवज एकेका छोट्या नळीत भरून झाकण लावतो. वर नाव, तारीख, सही. "स्वच्छ पाण्यात शेंगदाणा कोणीही ओळखेल," तो म्हणतो. "आमची अँटिबॉडीबाई अळूच्या भाजीत टिकली पाहिजे. हळदीचा रंग, आमसुलाचा आंबटपणा, वर तेलाचा तवंग. अळूने माझ्या दोन वर्षांचं काम गिळलंय." ज्या गृहिणीने अळू केलेलं असतं तिला हे ऐकून काय वाटतं हे त्याच्या लक्षात येत नाही. एकीने त्याला विचारलं, "मग आमची भाजी कशी झालीय?" आणि ताईने घाईघाईने विषय बदलला.

आपल्या पट्टीवर मात्र त्याने कधी कोणाला विसंबू दिलं नाही. "हे अजून प्रयोगातलं आहे. माझ्या पट्टीच्या शब्दावर ईराने घास घ्यायचा नाही," हे तो आम्हाला बजावून सांगे. अर्थात तीनदा.

गेल्या वर्षी एक नवी गोष्ट घडली. डॉक्टरांनी ईराला हॉस्पिटलात अर्धा दिवस बसवून थोडे थोडे तीळ खायला घातले आणि सांगितलं, तीळ चालतील. तोवर त्यांचीही भीती होती, म्हणून आमच्या घरी तीळही येत नसत. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, धिस इयर आय वॉन्ट तिळगूळ. जस्ट वन. लाइक एव्हरीवन एल्स." पंधरा वर्षांची मुलगी. तिने माझ्याकडे आजवर फोन मागितला होता, सायकल मागितली होती. तिळगूळ पहिल्यांदाच मागितला.

आमच्याकडे संक्रांत म्हणजे जानेवारीतला भाजून काढणारा उन्हाळा. हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढून सतरंज्या घातल्या होत्या, दोन पंखे गरम हवा इकडून तिकडे पाठवत होते, आणि टेबलावर घरोघरचे तिळगूळ मांडले होते. लाडू उन्हाने इतके ढिले पडले होते की त्यांना लाडू म्हणणं हा मोठेपणा होता. ईरा साडी नेसून दारात उभी होती, येणाऱ्या प्रत्येकीपुढे ताटली धरून तिच्यातच लाडू ठेवून घेत होती आणि गोड बोलत होती. साडू कोपऱ्यात एस्की पायांत घट्ट धरून बसला होता. नमुन्यांसाठी त्याने शेजारी वेगळी पिशवी आणली होती. एस्कीत काय आहे ते सांगत नव्हता.

शेजारच्या लेलेकाकू आपला डबा घेऊन आल्या. त्यांचा तिळगूळ आमच्या वसाहतीत प्रसिद्ध आहे. मी विचारलं, "काकू, यात दाणे नाहीत ना?"

"छे! एकही नाही," काकू म्हणाल्या. "तुमची ईरा असते म्हणून मुद्दाम लक्ष ठेवते मी."

साडूने सवयीने एक तुकडा नळीत घातला, हलवला, थेंब पट्टीवर सोडला. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. लाल पाणी सरकत सरकत वर गेलं. वरची रेघ उमटली. ती पट्टी धड आहे एवढं सांगणारी, ती नेहमीच उमटते. तिच्या खालची, शेंगदाण्याची, उमटली नाही. जागा कोरी. साडू दुसरी नळी घेऊन त्यात पाणी मोजायला लागला.

मी वाट पाहायला हवी होती. बारा वर्षं पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचणारा मी. पण काकू म्हणाल्या नाहीत, पट्टी म्हणाली नाही, आणि समोर साडीतली ईरा. मी काकूंच्या डब्यातला लाडू उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घे. घे गं!"

ती माझ्याकडे बघत होती. हात पुढे आला होता.

"काकू," साडूचा आवाज आला, "आणि कूट?"

"कूट आहे की," काकू म्हणाल्या. "अर्धा किलो. त्याशिवाय खुसखुशीत कसा व्हायचा?"

गाडीचं कुलूप तीनदा तपासणारा माझा साडू दोन सतरंज्या आणि एक हळदीकुंकवाचं तबक ओलांडून कसा आला हे मी पाहिलं नाही. माझ्या मनगटावर फटका बसला एवढं कळलं. लाडू पंख्यावर आपटला आणि गॅरेजभर तीळ झाले. कोणीतरी किंचाळलं. कुंकू सांडलं. माझ्या बायकोने ईराला मागे ओढलं आणि माझे हात साबणाने धुवायला मला जवळजवळ ढकलतच नेलं.

परत आलो तेव्हा साडू तोच नमुना शंभरपट पातळ करून नव्या पट्टीवर सोडत होता. या वेळी खालची रेघ उमटली. ठसठशीत, कुंकवासारखी.

"पहिल्यांदा का नाही आली?" ईराने विचारलं. ती आईच्या मागून मान काढून पट्टीकडे बघत होती. घाबरली होती, पण कुतूहल भीतीपेक्षा अर्धं बोट उंच होतं.

"दाणे जास्त झाले म्हणून," तो म्हणाला. "इथे रेघेवर एक जण बसलेली असते, आणि सोन्यावर बसून दुसरी येते. दोघींनी एकाच पाहुण्याचा एकेक हात धरला तर साखळी होते, सोनं तिथे थांबतं आणि रेघ दिसते. पण पाहुणेच इतके लोटले की प्रत्येकीच्या हातात वेगळा पाहुणा, तर साखळी कशी व्हायची? सोनं पुढे निघून जातं. थोडे दाणे असले की पट्टी ओरडते. अतोनात असले की गप्प बसते."

"दॅट्स सो वियर्ड," ईरा म्हणाली. "दॅट्स ॲक्चुअली सो कूल."

लेलेकाकू खुर्चीत बसून रडत होत्या. "अहो, दाणे कुठे घातले मी? कूटच तर घातलं," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. ताईने त्यांना पाणी दिलं.

साडू दिसेना म्हणून मी मागच्या अंगणात गेलो. तो गवती चहाच्या शेजारी नळाखाली हात धूत होता. दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा, माहीत नाही.

"तुला कसं सुचलं कुटाचं?" मी विचारलं.

त्याने नळ बंद केला. "त्या दिवशी 'नाहीत' कोण म्हणालं, आठवतं तुला?"

"कोणीतरी. आत पाच-सहा जण होते."

"मी," तो म्हणाला. "मी काकडी चोचवत होतो. समोर कुटाची वाटी होती, नुकतीच कोशिंबिरीत उलटी केलेली. आणि तू विचारलंस, मी म्हणालो नाहीत. एका क्षणात. कशाचीही खात्री न करता. माझ्या डोक्यात खरंच दाणे म्हणजे दाणे होते रे."

"ताईला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून." तो पत्र्याच्या कुंपणाकडे बघत होता. "त्याआधी मी नदीच्या पाण्यातलं शिसं शोधायचो. चांगलं काम होतं ते."

मी असल्या वेळी नेहमी चुकीचं बोलतो, म्हणून आधी गवती चहाचं एक पान सोललं. मग म्हणालो, "आज लाडू कोणी उचलला? तिच्या बापाने. म्हणजे तू एकदा, मी एकदा."

त्याने बोटांवर मोजलं. "दोनदा झालं."

"तिसऱ्यांदा नको."

"नको," तो म्हणाला. "तीनदा न करण्यासारखी ही एकच गोष्ट." आणि पुसलेले हात पुन्हा पुसून म्हणाला, "एस्की आत आहे. देऊ का, कळत नाहीये."

एस्कीत एक डबी होती. ताईने नंतर सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या यादीतल्या पाकिटातले तीळ, नवीन कढई, नवीन कालथा, दोन महिने घरात शेंगदाण्याचं नाव नाही. तीळ तपासले, गूळ तपासला, लाडू तपासला, सरळ आणि पातळ करून, तीन-तीनदा. पट्टी हा त्यातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी विश्वासाचा साक्षीदार होता. तरीही तो ट्रेनमध्ये ताईला दोनदा म्हणाला होता, "परत जाऊ या का?"

पाहुण्या गेल्यावर, गॅरेज झाडून धुऊन झाल्यावर, आम्ही पाच जण स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसलो. माझ्या बायकोने ॲलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शनचं पेन टेबलावर काढून ठेवलं. डबीत तीन लाडू होते. झाकणावर तारीख, सही, आणि 'तीळ, गूळ. बाकी काही नाही.' साडूने पहिला लाडू ईराच्या तळहातावर ठेवला आणि आपले दोन्ही हात मागे बांधले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

तिने आधी एक कण जिभेवर ठेवला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. आम्ही थांबलो. घड्याळ मीच बघत होतो आणि मीच बघू नका म्हणून सांगत होतो. मग तिने एक घास घेतला. मग उरलेला सगळा, एकदम, गाल फुगवून. दाताखाली तीळ वाजल्याचा आवाज टेबलापलीकडे आला.

जो माणूस कोणाला कधी हे विचारत नाही, त्याने विचारलं, "कसा झालाय?"

ईराने गिळलं, बोटं चाटली, आणि त्याच्याकडे बघितलं. "कशाच्या तुलनेत, काका?"

ताई हसली, माझी बायको हसली, आणि हसता हसता दोघींचे पदर डोळ्यांकडे गेले. साडूकडे प्रत्येक गोष्टीचा कंट्रोल असतो. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या तिळगुळाची तुलना कशाशी करायची, हे त्यालाही सापडेना. मग खिशातून मार्कर काढून त्याने झाकणावर, तारखेच्या खाली, 'कंट्रोल' एवढा एकच शब्द लिहिला आणि डबी तिच्याकडे सरकवली. "हाच कंट्रोल," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी सांग."

दुसरा लाडू तिने सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी डब्यात नेला. तिसरा अजून आमच्या फ्रीझरमध्ये आहे. जागा अडते म्हणून मी तो दोनदा बाहेर काढला, आणि दोन्ही वेळा ईराने परत आत ठेवला. पुढच्या वर्षी ती बारावीला जाईल, मग कुठल्या तरी दूरच्या युनीला, आणि माझा साडूही आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो. अलीकडे तो आला आणि मी चहा दिला की मी काही विचारत नाही. तो घोट घेतो, डोळे मिटतो. मी नळाशी झालेलं ते बोलणं आणि त्या डबीवरची अक्षरं आठवत गवती चहाकडे बघत बसतो, आणि आम्हा दोघांनाही तो चहा चांगला लागतो. कशाच्या तुलनेत, ते दोघांनाही माहीत असतं.